मोरीचा पडदा

गिरगावातल्या आमच्या चाळीत मोरीला दार नव्हते, पडदा होता. आईच्या जुन्या नऊवारीचा तो पडदा दोन खिळ्यांना बांधलेल्या सुतळीवर सरकत असे, आणि पलीकडे कोणी आंघोळ करत असले की अलीकडची माणसे आपसूक पाठ करून बसत. दोन लहान खोल्यांत आम्ही आठ जण राहत होतो. शेजारच्या बिऱ्हाडाशी सामाईक असलेली लाकडी भिंत छतापर्यंत पोहोचत नव्हती, त्यामुळे पलीकडच्या काकांना रात्री येणारी खोकल्याची उबळ, काकूंचे दबके रडणे, पगाराच्या पाकिटावरून झालेली कुरबूर, सारे आम्हाला ऐकू येई. सकाळी नळावर काकू भेटल्या की आई त्यांना भाजीचा भाव विचारी. रात्रीचा विषय तिने कधी काढला नाही. लहानपणी मला वाटे की आईला ऐकूच आले नसेल. ऐकलेले कानाआड करणे हा त्या गॅलरीचा अलिखित कायदा होता आणि तो पाळला नसता तर एवढ्या दाटीत कोणालाच अब्रूने जगता आले नसते, हे मला फार उशिरा कळले.

मी हे सांगते आहे, कारण प्रसिद्ध माणसांच्या खासगी आयुष्याविषयी हल्ली जी चर्चा कानावर पडते, तिच्यात सारा भर उंच कुंपणांवर, काळ्या काचांच्या गाड्यांवर आणि दारावरच्या रक्षकांवर असतो. आमच्याकडे यांपैकी काही नव्हते. पाठ फिरवणारी माणसे तेवढी होती. ज्याचे खासगीपण त्याने राखावे, असे लोक म्हणतात. मला मात्र ते नेहमी दुसऱ्याने आपल्याला दिलेले काहीतरी वाटत आले आहे, आणि ते एका घराला न दिल्याचा दोष माझ्या पदरी आहे.

माझी आत्या फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होती. तिचे लग्न झाले नव्हते आणि घरात सराईतपणे इंग्रजी वाचणारी ती एकटीच होती. ठाकुरद्वारच्या नाक्याजवळ एका जिन्याखाली सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. तीन बाजूंना पुस्तकांची फडताळे आणि तोंडाशी लहानशा टेबलामागे बसलेले मालक, एवढाच तिचा पसारा. कादंबऱ्यांना महिन्याची वर्गणी पुरे, पण सिनेमाच्या मासिकांना दिवसाचे भाडे वेगळे पडे, कारण त्यांना मागणी फार होती. नवा अंक आला की मालक त्याला खाकी कागदाचे कव्हर घालून दाभणाने दोन टाके मारत आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, अंक नेणाऱ्याचा खोली क्रमांक पेन्सिलीने टिपून ठेवत. महिनाअखेरीस त्या कोपऱ्यात क्रमांकांची उतरंड झालेली असे. आत्या अंक परत करायला निघाली की माझ्या कंपासपेटीतले खोडरबर मागून घेई आणि आपला क्रमांक हलक्या हाताने पुसून टाकी. आपण काय वाचतो ते चाळीला कळू नये, एवढीच तिची इच्छा असे. त्याच पानांत कोणा नटीची झोपेची औषधे, कोणाचे मोडलेले लग्न, कोणाचे न सांगता आलेले नाते छापलेले असे, आणि ते वाचताना तिचा हात कधी अडखळला नाही. आत्याविषयी मी हे तक्रारीने लिहीत नाही. तिच्याइतकी सरळ बाई मी पुढे फारशी पाहिली नाही.

रविवारी दुपारी गॅलरीत चटई पसरून ती इंग्रजी मजकूर मराठीत सांगे आणि बायका तांदूळ निवडता निवडता ऐकत. ते वाचन मी पुष्कळदा आठवून पाहिले आहे, कारण त्यात नुसते कुतूहल नव्हते. आपल्या स्वतःच्या संसाराविषयी त्या बायकांना तोंड उघडता येत नव्हते. पण पडद्यावरच्या एखाद्या नायिकेला नवऱ्याने टाकले, हे ऐकताना पलीकडच्या काकू म्हणत, "सहन तरी किती करायचं बाईनं?" आणि चटईवर एकदम शांतता पसरे, कारण ते वाक्य नायिकेविषयीचे नाही हे सगळ्यांना ठाऊक असे. शेजारणीचे दुःख बोलायचे नाही हा कायदा होता. नटीचे दुःख मात्र बिनदिक्कत बोलता येत होते, आणि त्याच्या आडून आपले. गॉसिपच्या मासिकांनी हा मोकळेपणा दिला, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. त्याची किंमत मात्र चटईवर नसलेल्या एका बाईने मोजलेली असे.

हा सारा धंदा आमच्याच शहरात उभा राहिला. बाबूराव पटेलांनी १९३५ साली मुंबईतून 'फिल्मइंडिया' सुरू केले, तेव्हा त्यांच्या लेखणीचा धाक परीक्षणांसाठी आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या झोंबऱ्या उत्तरांसाठी होता. १९५२ मध्ये आलेल्या 'फिल्मफेअर'ने सभ्य, गुळगुळीत वाट धरली आणि दोन वर्षांनी आपली पारितोषिके सुरू केली. खरा फरक पडला तो ऑक्टोबर १९७१ मध्ये, नारी हिरा यांनी 'स्टारडस्ट' काढले तेव्हा. शोभा राजाध्यक्ष, म्हणजे पुढच्या शोभा डे, त्याच्या पहिल्या संपादक. त्या वेळी त्या विशीत होत्या. 'नीताज् नॅटर' या सदरात इंग्रजीत हिंदी मिसळून, मैत्रिणीच्या कानाशी लागावे तशा लडिवाळ सुरात कुजबुज छापली जाई. 'स्टार अँड स्टाइल'मध्ये देवयानी चौबळ लिहीत होत्या आणि त्यांच्या सदराला नटमंडळी वचकून असत. १९७४ च्या डिसेंबरात 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांच्या घरातून 'सिने ब्लिट्झ' आले. मराठीत 'रसरंग' होते, इसाक मुजावरांसारखे चित्रपटाचा इतिहास मुखोद्गत असणारे पत्रकार होते. पण इंग्रजी मासिकांचा खप दिसू लागला तशी त्यांची हवा मराठी कचेऱ्यांतही शिरली.

एक गोष्ट या मासिकांच्या पदरात टाकायलाच हवी. त्याआधी निर्माते आणि त्यांचे प्रसिद्धिप्रमुख सांगतील तेवढेच तारे आदर्श, आज्ञाधारक आणि सुखी असत. तो मुलामा या लेखणीने खरवडला. त्यात तरुण, निर्भीड स्त्रिया पुढे होत्या आणि पुरुष नटांचा दुटप्पीपणा त्यांनी मुलाहिजा न ठेवता लिहिला. पण मुलामा खरवडताना हात थांबवायचा कुठे, याची शिकवण त्या धंद्यात कोणी कोणाला दिली नाही. उलट शिकवली जात होती ती सूचक लिहिण्याची कला. नाव घ्यायचे नाही. पण गाडीचा रंग, राहण्याचे उपनगर आणि नुकताच पडलेला चित्रपट यांची खूण अशी ठेवायची, की नाव ओळखायला वाचकाला दोन मिनिटे लागावीत. वाचकाला कोडे सोडवल्याचा आनंद मिळतो आणि कोर्टात जायची वेळ आली, तर 'आम्ही कुठे नाव घेतले' असे म्हणता येते. 'म्हणे' हा दोन अक्षरांचा शब्द मराठी सिनेपत्रकारितेने जेवढा राबवला, तेवढा दुसरा कुठला राबवला असेल असे मला वाटत नाही.

कोणी म्हणेल, चाळीत काय कमी कुचाळक्या चालत? चालत होत्या. स्मिता पाटील १३ डिसेंबर १९८६ रोजी गेली, तेव्हा तिचा मुलगा जेमतेम पंधरा दिवसांचा होता. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी, कपाळावर कुंकू लावलेली ती सावळी मुलगी आमच्या गॅलरीला घरची वाटे. तरी तिने विवाहित पुरुषाशी संसार मांडला, तेव्हा याच गॅलरीने तिच्यावर निकाल दिला होता. ती गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी निकाल देणाऱ्यांतल्याच दोघी ओक्साबोक्शी रडल्या, आणि त्यांच्या रडण्यात काही खोटे नव्हते. पण गॅलरीतल्या कुचाळकीला एक मर्यादा आपोआप पडे. जिच्याविषयी बोलायचे ती बाई उद्या नळावर समोर उभी राहणार, वेळ आली तर कमरेला पदर खोचून जाब विचारणार आणि परवा आपल्याच घरी अडचण आली की तीच धावून येणार. बोलणाऱ्याला आपल्या बोलण्यासोबत राहावे लागे. छापलेल्या कुचाळकीला ते बंधन नसते. जिच्याविषयी लिहिले ती लिहिणाऱ्याच्या नळावर पाणी भरायला कधी येत नाही.

आमच्या चाळीच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटक बसे. पहिल्या मजल्यावरची एक मुलगी सुरेख काम करी. अंगणातल्या रंगमंचावर ती उभी राहिली की तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवरून माणसे वाकून तिच्याकडे पाहत, टाळ्या वाजवत, तिचे उच्चार चुकले तर दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगतही. ते पाहणे तिला हवे होते; त्यासाठीच ती तोंडाला रंग लावून उभी राहिली होती. पण अंगणात तिच्यावर टाळ्यांचा पाऊस पाडला, म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीच्या खिडकीतून आत डोकवायचा हक्क मिळतो, असे कोणाच्या मनातही आले नाही. 'ते स्वतःच कॅमेऱ्यापुढे येतात, मग तक्रार कशाला' हे वाक्य ऐकले की मला हमखास ते अंगण आठवते.

१९८७ मध्ये मी एका मराठी सिनेसाप्ताहिकात उपसंपादक म्हणून लागले. ते साप्ताहिक आज नाही, आणि असते तरी मी त्याचे नाव लिहिले नसते. कचेरी दोन खोल्यांची होती, पंख्याखाली प्रुफे उडू नयेत म्हणून त्यांवर दौती ठेवलेल्या असत. मजकूर जुळवून झाला की ब्रोमाइडच्या, म्हणजे फोटोच्या कागदावर उमटवलेल्या मजकुराच्या, पट्ट्या कापून पानावर डिंकाने चिकटवल्या जात आणि कुठे जागा उरली तर तिथल्या तिथे काहीतरी लिहून भरावे लागे. त्या मंगळवारी कानगोष्टींच्या सदराच्या तळाशी तीन ओळींची जागा उरली. संपादक म्हणाले, "काहीतरी टाक." दुपारी कचेरीत एक गृहस्थ येऊन गेले होते. एका अभिनेत्रीच्या घरातलेच ते. नाते मी सांगणार नाही. चहा घेता घेता त्यांनी तिच्याविषयी एक गोष्ट सांगितली आणि जाताना एका प्रीमियरचे दोन पास मागून नेले. ती गोष्ट मी तीन ओळींत बसवली. नाव घातले नाही. खुणा घातल्या. वाक्यरचना मला जमली होती, असे त्या वेळी वाटल्याचेही आठवते.

त्या तीन ओळींत काय होते, ते मी इथे लिहिणार नाही. वाचकाला ते जाणून घ्यावेसे वाटेल. मलाही वाचक म्हणून वाटले असते. तिच्या शरीराविषयीची ती गोष्ट होती, आणि ती कोणाला, कधी सांगायची, की मुळीच सांगायची नाही, हे ठरवणे तिचे होते, एवढे पुरे.

पुढच्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास, तिची आई कचेरीत आली. अंक नुकताच छपाईला गेला होता; संपादक जेवायला बाहेर पडले होते; आत मी आणि शिपाई असे दोघेच होतो. इरकली लुगडे नेसलेल्या, साठीच्या त्या बाई समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. कापडी पाकिटातून त्यांनी चौघडी केलेले कात्रण काढले, टेबलावर ठेवून तळहाताने सारखे केले आणि माझ्याकडे न पाहता बोलू लागल्या. "हे खोटं आहे म्हणून भांडायला मी आलेली नाही, बाई. खरंच आहे. पण त्या दिवशी घरात आम्ही चौघंच होतो. मला एवढंच सांगा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी त्यांना सांगितले की बातमी देणाऱ्याचे नाव आम्ही उघड करत नाही. त्यांनी मान हलवली. शिपायाने ठेवलेल्या पाण्याला त्यांनी हात लावला नाही. कात्रण पुन्हा त्याच घड्यांवर दुमडून पाकिटात ठेवले आणि त्या जिना उतरून गेल्या.

बातमी देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याचा नियम जुना आणि पवित्र आहे. सत्तेपुढे जीव धोक्यात घालून खरे सांगणाऱ्या माणसाला आडोसा मिळावा, म्हणून तो आहे. त्या नियमाच्या आडोशाला मी दोन पासांच्या बदल्यात घर विकणाऱ्या माणसाला उभे केले, आणि ते करताना आपण पत्रकारितेचा धर्म पाळला असे मला वाटले. पंधरा दिवसांनी शिपायाकडून कळले की त्या घरात बारा वर्षे स्वयंपाक करणाऱ्या मावशींना कामावरून काढले. चौघांतले एक नाव घरातल्यांना शोधायचे होते. मुलगी, आई आणि रक्ताचे नाते वगळले की मावशीच उरत होत्या. मला खरे ठाऊक होते. एक फोन, सही नसलेले एक पत्र पुरले असते. मी ते केले नाही, कारण माझी नोकरी नवी होती आणि घरी वडील निवृत्त झाले होते.

तेव्हापासून माझी खात्री झाली आहे की गॉसिपचे नुकसान आपण चुकीच्या जागी मोजतो. परक्या लाखभर लोकांना आपले गुपित कळले, याची लाज काही दिवसांनी विरते. पण हे कोणी सांगितले, हा प्रश्न घरात शिरला की बाहेर पडत नाही. मग रंगभूषाकाराने मोबाइल हातात घेतला तरी पाहावे लागते, ड्रायव्हरच्या देखत गाडीत बोलणे थांबते, डॉक्टरकडे दुसऱ्याच नावाने जावे लागते. मोठे तारे माणूसघाणे, संशयी होतात असे आपण म्हणतो. जवळच्या माणसांपैकी कोणीतरी आपल्याला विकते आहे हे ठाऊक असताना, आणि ते कोण हे ठाऊक नसताना, राहायचे कसे ते त्यांना कोणी शिकवलेले नसते.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला तो एका साप्ताहिकाच्याच निमित्ताने. तामिळनाडूत फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरने तुरुंगात आत्मचरित्र लिहिले आणि 'नक्कीरन' हे तमिळ साप्ताहिक ते छापणार होते. त्यात अधिकाऱ्यांशी असलेले त्याचे लागेबांधे उघड होणार, म्हणून तुरुंग प्रशासनाने ते अडवू पाहिले. ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला छपाई आधीच रोखता येणार नाही असे सांगितले, आणि त्याच निकालात असेही सांगितले की स्वतःचे, कुटुंबाचे, विवाहाचे, मातृत्वाचे, शिक्षणाचे खासगीपण जपण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे आणि त्याच्या संमतीवाचून त्याविषयी काही छापता येणार नाही, मग ते खरे असो वा खोटे. सार्वजनिक नोंदींत असलेला मजकूर आणि अधिकाऱ्यांचे कर्तव्य बजावतानाचे वर्तन यांना हे संरक्षण नाही. कोणी आपण होऊन वादात उडी घेतली तर त्याचीही गोष्ट वेगळी. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. मला या साऱ्यात ते 'खरे असो वा खोटे' फार मोलाचे वाटते. त्या आईच्या 'खरंच आहे'ला माझ्याकडे उत्तर नव्हते. न्यायालयाने सात वर्षांनी ते दिले.

सार्वजनिक माणसाला काहीच विचारायचे नाही, असे माझे म्हणणे मुळीच नाही. निवडणुकीच्या उमेदवाराने मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रावर जाहीर करायचे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनी बंधनकारक झाले आणि ते योग्यच झाले. नट एखादे तेल किंवा शाळा विकू लागला की त्याच्या शब्दाचा जाब मागता यायला हवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी तिच्यात झळकणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोणी सेटवर एखाद्या मुलीचा छळ केला तर ती त्याची खासगी बाब राहत नाही; अशा गोष्टी 'खासगी' म्हणून दडपण्यात तर किती आयुष्ये गेली. ज्या गोष्टीने माझे काही बरेवाईट होते, ती मी विचारीन. त्याच्या बायकोला दिवस गेले आहेत की नाहीत, याने माझे काहीही होत नाही.

मासिकांचे दिवस आता सरले आहेत. रद्दीवाल्याकडेही ती क्वचित दिसतात. त्यांची जागा घेतली आहे ती वांद्रे, खार, जुहूच्या व्यायामशाळांसमोर आणि विमानतळाच्या दाराशी ताटकळणाऱ्या कॅमेऱ्यांनी. त्यातल्या पुष्कळ भेटी ठरवलेल्या असतात. ताऱ्याचाच माणूस वेळ कळवतो आणि सगळ्यांचे भागते. त्या व्यवहाराला माझी हरकत नाही, आणि लांबच्या उपनगरातून लोकलने येऊन भर उन्हात दुचाकीवर बसून राहणाऱ्या पोरांवर राग धरणे मला जमत नाही. पण अंगणातल्या रंगमंचासाठी दिलेली संमती खिडकीला लागू होत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट्ट दुपारी आपल्याच घराच्या दिवाणखान्यात बसली होती. कोणीतरी पाहत आहे असे वाटून तिने वर पाहिले, तर शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर दोन माणसे तिच्यावर कॅमेरा रोखून उभी होती. एका हद्दीपलीकडे जायचे नसते आणि ती ओलांडली गेली, असे तिने मुंबई पोलिसांना उद्देशून जाहीरपणे लिहिले. मुंबईत कोणाच्या खिडकीतून कोणाचे घर दिसत नाही? या शहरात खिडक्या समोरासमोर असूनही आपण राहू शकतो, ते केवळ समोरचा माणूस नजर वळवतो म्हणून.

आणि नजर वळवता येते, हेही याच शहराने दाखवले आहे. जानेवारी २०२१ मध्ये अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांनी मुंबईच्या छायाचित्रकारांना पत्र लिहून विनंती केली, की आमचे फोटो खुशाल घ्या, पण आमच्या मुलीचे घेऊ नका. आणि पुष्कळांनी ते मानले. वर्षभरानंतर तिचा चेहरा जगाला दिसला तो केप टाउनच्या मैदानावर, सामन्याच्या प्रक्षेपणातून. त्याच महिन्यात, १८ जानेवारी २०२१ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी चालवलेल्या समांतर खटल्यांविषयी निकाल दिला, आणि आत्महत्येच्या बातमीत मृत व्यक्तीच्या खासगीपणात कोणत्याही प्रकारे डोकावू नये असे बजावले. आदल्या वर्षीचे ते महिने ज्यांनी टीव्हीपुढे काढले, त्यांना हा निकाल कशासाठी द्यावा लागला ते सांगायला नको.

हिंदी पडद्यावरची नायिका परवीन बाबी हिच्या मनाच्या आजाराविषयी सत्तरच्या दशकाअखेरपासून किती लिहिले गेले, ते मी वाचले आहे. काही अंक आमच्या गॅलरीतही आले होते. तिचे मन कसे ढासळत गेले, ती कोणावर संशय घेते, कशी दिसू लागली, सारे छापून आले. जानेवारी २००५ मध्ये जुहूच्या घरात ती एकटी मरण पावली. दाराबाहेर दुधाच्या पिशव्या आणि वर्तमानपत्रे साचली, ती दोन-तीन दिवस कोणी उचलली नाहीत, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आले. तिच्याविषयी सगळे ठाऊक असलेल्या आम्हा वाचकांपैकी तिच्या दाराची घंटा वाजवायचे नाते कोणाचेच नव्हते.

याउलट जुन्या मराठी पडद्यावरच्या अभिनेत्री हंसा वाडकर. त्यांनी आपले आयुष्य स्वतःच्या तोंडाने सांगितले, अरुण साधूंनी त्याचे शब्दांकन केले आणि 'सांगत्ये ऐका' हे पुस्तक झाले. घर, दारू, पुरुष, फसवणूक, स्वतःच्या चुका, त्यांनी काही झाकले नाही. कुठल्याही मासिकाने छापले नसते इतके त्यात आहे, पण त्यातले एकही पान वाचताना आपण कोणाच्या खिडकीत डोकावतो आहोत असे वाटत नाही, कारण दार त्यांनी आपण होऊन उघडले आहे आणि कुठे बसायचे तेही त्याच सांगत आहेत. प्रसिद्ध बाईला आयुष्य असते, ते सांगण्यासारखे असते, आणि सांगायची वेळ तिची असते, हे मला त्या पुस्तकाने जेवढे शिकवले, तेवढे कुठल्या निकालाने शिकवले नाही.

साप्ताहिक मी वर्षभरात सोडले. १९८९ च्या पावसाळ्यात शिपायाकडून पत्ता घेऊन मी लालबागला त्या मावशींकडे गेले. तिसरा मजला, गॅलरीत दोऱ्यांवर न वाळलेले कपडे, खोलीत रॉकेलचा वास. मी कोण ते सांगितले आणि मग म्हणाले, "मावशी, ते मी लिहिलं होतं. तुम्ही सांगितलं नव्हतं, हे मला माहीत होतं." त्या स्टोव्हला पंप मारत राहिल्या. ज्योत निळी झाल्यावर आधण चढवले आणि मग म्हणाल्या, "कुणी सांगितलं ते मलाही तेव्हाच कळलं होतं."

मी विचारले, "मग बोलला का नाही?"

"बोलले असते तर घर फुटलं असतं. त्या पोरीला आधीच काय थोडं होतं? मला काय, चार पोळ्या लाटायचं काम कुठंही मिळतं. मिळालं की."

त्यांनी मला चहा दिला, सोबत बशीत दोन बटर ठेवले. आणखी काही विचारले नाही, त्या गृहस्थांविषयी नाही, साप्ताहिकाविषयी नाही. मी निघाले तेव्हा शेजारच्या दारात बसलेल्या बाईंनी सुपातून वर पाहत विचारले, "कोण गं या?" मावशी म्हणाल्या, "ओळखीच्या आहेत." मग माझ्याबरोबर जिन्याच्या तोंडापर्यंत आल्या आणि खालच्या वळणावरचा दिवा गेला आहे, भिंतीला धरून उतरा, असे त्यांनी मला सांगितले.